कोंबडी गेली अन् झोपा केला



'बैल गेला अन् झोपा केला' ही म्हण आपण नेहमी वापरतो. हा झोपा म्हणजे झोप नव्हे. झोपा म्हणजे गोठ्याच्या तोंडाला लावायचे कुडाचे दार. बैल गेल्यावर दार करणाऱ्याला वाडवडील हसले आणि आपण बैलाच्या बाबतीत शहाणे झालो. कोंबडीच्या बाबतीत अजून नाही.

आम्ही साजगावकडचे. खोपोलीजवळचा, खालापूर तालुक्यातला हा भाताचा मुलूख. तुमची जमीन कोरडवाहू, पिके कापूस आणि ज्वारी. पाऊस निराळा, पीक निराळे, पण खुराडे सारखेच. आमच्याकडे कारवीचा कूड, तुमच्याकडे पऱ्हाट्यांचा. दाराच्या जागी एखादे फळकूट नाहीतर फुटका पत्रा आणि त्याला टेकवलेला धोंडा. हा काय बंदोबस्त झाला?

साजगावच्या विठोबाची यात्रा कार्तिकी एकादशीला भरते. तिथल्या सुक्या मासळीच्या बाजारामुळे लोक त्याला बोंबल्या विठोबा म्हणतात. यात्रेतून आणलेले बोंबील कोणी घरात उघडे ठेवत नाही. मांजर येईल म्हणून शिंक्यावर टांगतो, डब्याचे झाकण घट्ट लावतो. मेलेल्या मासळीला झाकण आणि अंडी देणाऱ्या जित्या कोंबडीला धोंडा!

कारण उघड आहे. अंड्यांचा पैसा बाईच्या हातात येतो. तेलमीठ, पोरांची वही, आजारपणातली गोळी त्यातून निघते. घरधनी त्याला उत्पन्न मानत नाही, म्हणून त्याचे नुकसानही मोजत नाही. पोळ्याला बैलाची शिंगे रंगतात, पण खुराड्याला बिजागरी आणायला बाजारात जाणारा पुरुष विरळा. अहो, कापूस वर्षातून एकदा पैसा दाखवतो, तोही पाऊस आणि भाव यांच्या मर्जीने. अंडी दर बाजाराला पैसा देतात. गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते. दहातल्या चार गेल्या तर २०० अंडी गेली. दोन बिजागऱ्या आणि थोडी जाळी यांचा खर्च त्यापुढे किती?

सरकारचेही तेच. गिरिराज आणि वनराज जातीची पिल्ले वाटली जातात. वाटपाच्या दिवशी साहेबांचा पिल्लांसह फोटो निघतो. खुराड्याच्या दारासह काढलेला फोटो आम्ही तरी पाहिलेला नाही. आमच्या कर्जत-खालापूर भागात बॉयलर कोंबड्यांच्या शेडा आहेत. तिथे आधी जोते, जाळी आणि दार होते, मग पिल्ले येतात. गरिबाच्या परसात मात्र पिल्ले आधी आणि दार कधीच नाही. असे वाटप म्हणजे मुंगसाला शिधा पोचवणे!

भरपाईची वाट पाहू नका. बिबट्याने गाय-शेळी मारली तर वनखात्याचा पंचनामा होतो, भरपाई मिळते. मुंगूस, रानमांजर आणि गावचा कुत्रा त्या यादीत नाहीत. आणि विष तर मुळीच घालू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मुंगूस मारणे गुन्हा आहे. तोच मुंगूस शेतातले उंदीर आणि सापही खातो. शिवाय विषाने आधी आपलाच कुत्रा मरायचा. मुंगसाने त्याचे काम केले, आपण आपले केले नाही.

मग दार कसे असावे? चौकट आधी, दार नंतर. दार बाहेर उघडणारे करा आणि चौकटीला आतून पट्टी मारा. म्हणजे बाहेरून जनावराने ढकलले की दार पट्टीवर आणखी घट्ट बसते. दार आणि चौकट यांत कुठेही अर्ध्या इंचाहून जास्त फट नको. षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती फाडतो. अर्ध्या इंची जाड तारेची चौकोनी जाळी घ्या आणि ती बाहेरच्या बाजूने ठोका. दाराच्या खालच्या फूटभर भागावर पत्रा मारा, घुशी-उंदीर लाकूड कुरतडतात. उंबऱ्याखाली फूटभर खोल फरशी किंवा जाळी पुरा, उकरणारा तिथेच थांबतो. कडी एक नको, वर आणि खाली दोन हव्यात. नुसता आकडा पंजाने उचलला जातो, म्हणून कडीत खिट्टी घाला. मुंगूस दिवसा फिरतो आणि रानमांजर बहुधा रात्री; तेव्हा पिल्लांचा दिवसाचा वाडाही असाच बंद हवा. आणि एवढे सगळे करून संध्याकाळी दार लावायला विसरलात तर सुतारही व्यर्थ आणि जाळीही व्यर्थ.

जिल्ह्याच्या बैठकीत आमचे म्हणणे असे मांडावे :

१. पिल्लांच्या प्रत्येक वाटपात जाळी, बिजागऱ्या आणि कड्या यांचा खर्च धरावा.
२. दार तयार असल्याची पाहणी झाल्याशिवाय पिल्ले देऊ नयेत आणि आपणही घेऊ नयेत.
३. प्रत्येक गावात बैठकीच्या दिवशी एक दार सर्वांसमोर बनवून दाखवावे. ते पाहायला बायाबापड्यांना पुढे बसवावे, कारण कोंबडी त्यांची आहे.

मागणी मान्य होईल तेव्हा होईल. त्यासाठी घरचे दार अडून राहिलेले नाही. पऱ्हाट्या उपटून झाल्या की हात मोकळे असतात. पहिला झोपा तेव्हाच करा, कोंबडी आहे तोवर.