मुक्तिलढा पत्र्याच्या पेटीत

दरवर्षी १७ सप्टेंबरला छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातील स्मृतिस्तंभासमोर हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. ध्वजारोहण होते, भाषणे होतात आणि उद्यान पुन्हा फिरायला येणाऱ्यांचे होते. त्याच शहरातील महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तु संग्रहालयात शतकांपूर्वीची शस्त्रे व चिलखते पाहावयास मिळतात. मग अवघ्या दोन-तीन पिढ्यांपूर्वी निजामी राजवटीशी झुंजलेल्या मराठवाड्याच्या खुणा कोठे शोधावयाच्या?

त्यांतील कितीतरी आजही घरोघरच्या पत्र्याच्या पेट्यांत आहेत. तुरुंगातून धाडलेली पोस्टकार्डे, उर्दूतील समन्स, हाली शिक्क्याची नाणी, १९७२चा ताम्रपट. उर्दू किंवा मोडी वाचणारे आजोबा गेले की नातवाच्या लेखी त्या कागदांची रद्दीच होते.

१९३८ साली याच शहरात विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’साठी महाविद्यालय सोडण्याची शिक्षा पत्करली. ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली. त्या रकमेचा हिशेब ठेवला आणि पुढे तो सादरही केला! लुटीचा हिशेब देणारे हे कसले लुटारू? असा एखादा कागद काचेमागे पाहणाऱ्या शाळकरी मुलाला स्वामी रामानंद तीर्थांच्या लढ्याचे चारित्र्य निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

अमेरिकेतील १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धाच्या गेटिसबर्ग येथील संग्रहालयात दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या वस्तू आहेत. येथेही तेवढे धैर्य हवे. रझाकारांच्या अत्याचारांबरोबरच, त्यांच्याविरुद्ध लेखणी चालविली म्हणून ऑगस्ट १९४८मध्ये मारले गेलेले संपादक शोएबुल्ला खान तेथे असले पाहिजेत. पोलिस कारवाईनंतर निरपराध मुस्लिमांवर जे गुदरले, तेही झाकता येणार नाही. लढा जुलमी राजवटीशी होता, हे त्यातूनच ठसेल.

१९४८ साली विशीत असलेला तरुण आज शंभरीच्या उंबरठ्यावर आहे. वस्तू कोणाची, गाव कोणते, साल कोणते, हे सांगू शकणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. शासनाची इमारत होईल तेव्हा होईल. गावोगावच्या कार्यकर्त्यांना नोंदवही घेऊन घरोघर जाण्यास कोणाची अनुमती लागत नाही. मूळ वस्तू देण्यास कुटुंबाचे मन धजत नसेल तर छायाचित्र आणि चार ओळींची माहितीही पुरे. मात्र हे दिवाळीच्या साफसफाईपूर्वी व्हावे. पुष्कळ पेट्या त्याच आठवड्यात रिकाम्या होतात.