व्हिजिट व्हिसा म्हणजे नोकरीचा कागद नव्हे

"आधी व्हिजिटवर जा, तिथं गेल्यावर बघू." कवठे महांकाळपासून मिरजेपर्यंत गल्फला निघालेल्या पोरांना हा सल्ला सर्रास मिळतो. सल्ला देणारे बहुतेक वेळा आपल्याच मोहल्ल्यातले असतात, म्हणून त्याला माझा विरोध मी इथे उघडपणे मांडतोय.

आमच्या दुष्काळी पट्ट्याला गाव सोडणं नवं नाही. इथले गलाई कामगार पोटासाठी देशभर पसरले. त्यांना व्हिसा लागला नाही. देशाबाहेर मात्र हातातला कागद हाच माणसाचा आधार असतो.

दहावी पास नसलेल्या माणसाचा पासपोर्ट साधारणपणे 'ईसीआर' असतो. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्यानुसार सौदी, कुवेत, यूएईसह १८ देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारी मंजुरी घ्यावी लागते. ती कटकट वाटते खरी, पण तिच्यामागे लेखी करार आणि १० लाखांचा विमा असतो. एजंटच्या फीलाही ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढी मर्यादा आहे. फिरायला जाणाऱ्याला मात्र ही मंजुरी लागत नाही. एजंट नेमका याच दारातून पोराला बाहेर काढतो. एका दाराला तीन कुलपं आणि शेजारचं दार सताड उघडं, अशी सिस्टिम आम्ही सॉफ्टवेअरवाले टेस्टिंगमध्येच नापास करतो.

काही मित्र म्हणतात, तपासणी कडक करा म्हणणं म्हणजे गरिबावर संशय घेणं. मला इंजिनिअर म्हणून कोणी अडवत नाही आणि दहावी नापास भावाला अडवतात, हा भेदभाव मला मान्य आहे. पण काउंटरवरून सुटला म्हणून तो वाचला का? यूएईत व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. मालकाने पगार बुडवला तर तक्रारीला करारच नसतो. मुदत संपल्यावर रोज ५० दिऱ्हाम दंड चढतो. म्हणजे दोन दिवसांत दोन हजार रुपयांहून जास्त.

आता एजंटची शिक्षा बघा. नोंदणी नसताना भरती करणाऱ्याला या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि जास्तीत जास्त दोन हजार रुपये दंड आहे. एजंटचा अख्खा दंड पोराच्या दोन दिवसांच्या दंडाएवढाही नाही! नियम कडक आहेत, पण चुकीच्या माणसावर.

हाच धंदा हजच्या नावानेही चालतो. २०२४ च्या हजमध्ये १,३०१ माणसं दगावली. त्यातली ८३ टक्के परवान्याशिवाय गेलेली होती, असं सौदी सरकारनेच सांगितलं. कागद नसल्याने ती निवाऱ्याविना, भर उन्हात मैलोन्‌मैल चालली.

म्हणून सरकारकडे आपली मागणी स्पष्ट हवी: एजंटचा दंड वाढवा, त्याच्यावर खटले भरा आणि मंजुरीसाठी मदत केंद्र जिल्ह्याच्या गावी, सांगलीत द्या. पण तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचं नाव तपासायला पाच मिनिटं लागतात. आपण शिकलेल्यांनी जुम्म्याच्या नमाजनंतर मोबाईल घेऊन बसावं आणि निघालेल्या प्रत्येक पोराचा कागद वाचून द्यावा. नाव यादीत नसेल तर एजंट नात्यातला असला तरी चारचौघांत सांगावं. त्याला वाईट वाटेल. वाटू द्या.