पगारातले एक पुस्तक



दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलपुढे जी गर्दी होते, तशी गर्दी आम्ही तरी दुसऱ्या कुठल्या मेळ्यात पाहिलेली नाही. भाकरी बांधून आलेला माणूस परत जाताना पिशवीत पुस्तक घेऊन जातो. पण पुढे त्या पुस्तकाचे काय होते? बऱ्याच घरांत ते बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, प्लास्टिकच्या पिशवीतच राहते. बाप पाळी करून दमलेला असतो, आईला सवड नसते आणि ग्रंथाची जाडी पाहूनच पोरे हात लावत नाहीत. म्हणून या खेपेला आम्ही थोडा वेगळा हिशेब केला. महिन्याच्या पगारातून एकच पुस्तक घ्यायचे झाले तर ते घरातल्या कोणासाठी घ्यावे आणि कोणते घ्यावे? खाली सांगितलेली सगळीच पुस्तके ताजी नाहीत. ज्याने वाचले नाही, त्याला ते नवेच.

कादंबरी घ्यायची असेल तर पहिल्यांदा ‘उसवण’ घ्या. लेखक देवीदास सौदागर. तुळजापूरचा हा तरुण शिवणकाम करून पोट भरणारा. या कादंबरीला २०२४ साली साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘शिलाई मशीनवरचा लेखक’ म्हणून त्याचे कौतुक केले. कौतुक रास्तच, पण पुरस्कार बाजूला ठेवूनही पुस्तक वाचण्यासारखे आहे. कथा एका शिंप्याची आहे. बाजारात रेडिमेड कपडे आले आणि माप देऊन कापड शिवून घेणारे गिऱ्हाईक हळूहळू तुटत गेले. हातात कला आहे, अंगात कष्ट आहेत, तरी घर चालत नाही. उसवण म्हणजे शिवण सुटणे. इथे कापडाबरोबर संसाराचीही शिवण सुटत जाते.

हे पुस्तक आपल्या माणसांना वेगळ्याने समजावून सांगावे लागणार नाही. १९८२ च्या संपानंतर मुंबईत गिरणी कामगारांच्या घरांत काय झाले, ते आपल्यापैकी कित्येकांच्या वडिलांनी भोगले आहे. गिरणी बंद पडली म्हणजे निदान बोंब तरी होते, मोर्चा निघतो. शिंप्याचे, चांभाराचे, कल्हईवाल्याचे काम बंद पडले तर त्याची बातमी कोण देणार? ती बातमी या तरुणाने दिली आहे. भाषा साधी, मराठवाड्याची, बोलल्यासारखी आहे. ज्या घरात शिलाई मशीन आहे, त्या घरातल्या बाईने तर हे पुस्तक जरूर वाचावे. ब्लाउजची शिलाई मागताना गिऱ्हाईक कसे घासाघीस करते, हे तिच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

शरणकुमार लिंबाळे यांची ‘सनातन’ (२०१८) ही दुसरी कादंबरी. तिला २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला. महारांच्या पिढ्यान् पिढ्यांची कहाणी तिच्यात आहे. ‘अक्करमाशी’ (१९८४) वाचून ज्यांच्या काळजाला घरे पडली, त्यांनी तीच धार इथे शोधू नये; हा इतिहासाचा मोठा पट आहे आणि काही ठिकाणी तो पसरटही वाटतो. तरीही घ्या, पण आधी ‘अक्करमाशी’ वाचलेली असावी.

आता वैचारिक पुस्तकांकडे येऊ. इथे एक गोष्ट आम्हांला बोचते. आपल्या आयाबहिणींच्या आयुष्यावरची चांगली नवी पुस्तके हल्ली आधी इंग्रजीत निघतात. शैलजा पाईक यांचे ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ (२०२२) घ्या. शैलजाताई पुण्याच्या येरवड्यातल्या वस्तीत वाढल्या, आज अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात इतिहासाच्या प्राध्यापक आहेत. २०२४ साली त्यांना तिथली मानाची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. पुस्तक आहे तमाशातल्या स्त्रियांवर. ज्या बाईच्या नाचावर गाव दौलतजादा करते, त्याच बाईला गाव अश्लील म्हणते. हा शिक्का नेमका कोणाच्या कपाळी बसला आणि का बसला, याचा शोध त्यांनी कागदपत्रांतून आणि फडावरच्या स्त्रियांशी बोलून घेतला आहे. पठ्ठे बापूरावांचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. त्यांच्या सोबतीची पवळाबाई कोण होती आणि तिच्या वाट्याला काय आले, हे या पुस्तकात वाचायला मिळते. आपल्या समाजातही तमाशाच्या बाईबद्दल खाली मान घालून बोलण्याची रीत आहे. ती रीत तपासून पाहायला हे पुस्तक भाग पाडते, म्हणून ते आम्हांला मोलाचे वाटते.

इंग्रजी विद्यापीठी वळणाचे आहे, सोपे नाही. पण आज पुष्कळ घरांत एखादी मुलगी कॉलेजात जाते. तिने ग्रंथालयातून हे पुस्तक आणावे, एकेक प्रकरण वाचावे आणि रात्री भांडी झाल्यावर आईला मराठीत सांगावे. आई मधेच म्हणेल, ‘अगं, असं नव्हतं, आमच्या गावात असं होतं.’ ते मुलीने वहीत लिहून ठेवावे. असे सांगणे प्राध्यापकांनाही सहजी मिळत नाही.

मराठीतच हवे असेल तर उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) आहेच. आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या स्त्रियांना भेटून, त्यांना बोलते करून हे पुस्तक लिहिले आहे. १९४२ साली नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची परिषद भरली, हे आपल्या किती मुलींना माहीत आहे? त्या बाया तुमच्याआमच्या आजीसारख्याच होत्या. जुने पुस्तक आहे, पण मुलीच्या लग्नात कुकर देण्यापेक्षा हे द्या, असे आमचे स्पष्ट मत आहे. कुकर बाकीचे देतातच.

बाबासाहेबांचे नवे चरित्र हवे असणाऱ्यांनी अशोक गोपाल यांचे ‘अ पार्ट अपार्ट’ (२०२३) पाहावे. बाबासाहेबांच्या मराठी लेखनाचा आणि भाषणांचा त्यात भरपूर वापर केला आहे, जो इंग्रजी चरित्रांत एरवी फारसा दिसत नाही. ग्रंथ भलताच जाड आहे. एकट्याने विकत घेण्यापेक्षा विहाराच्या वाचनालयासाठी वर्गणी काढून आणलेला बरा.

राहिली मुले. मुलांच्या हाती आपण काय देतो? पातळ कागदावरचे, धूसर छपाईचे, सनावळ्यांनी भरलेले चरित्र. मग मूल म्हणते, वाचायचा कंटाळा येतो. अशा घरात एकदा ‘भीमायन’ (२०११) आणून पाहा. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा मजकूर, आणि दुर्गाबाई व्याम व सुभाष व्याम या परधान गोंड कलावंत जोडप्याची चित्रे. दुर्गाबाईंना पुढे २०२२ साली पद्मश्री मिळाली. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहिलेले अनुभव इथे चित्रांतून सांगितले आहेत. शाळेतली तहान आहे. वडिलांना भेटायला निघालेली, मसूर स्टेशनात उतरून खोळंबलेली पोरे आहेत. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान त्यांच्याबरोबर गाडीत बसायला तयार नाही. पुढे बडोद्याची पारशी धर्मशाळा आणि चाळीसगावचा टांगाही आहे.

चित्रांची गंमत अशी, की यात नेहमीच्या कॉमिक्सचे चौकोन नाहीत. मायेने बोललेले शब्द पक्ष्याच्या आकारात येतात आणि विखारी बोलण्याला विंचवाची नांगी असते. चौथीतल्या पोरालाही कोण कसे बोलतो आहे, ते अक्षर न वाचता कळते. मूळ पुस्तक इंग्रजीत आहे. मजकूर मोठ्यांनी समजावून सांगावा, पाने मुलांना उलटू द्यावीत. ‘पाणी का नाही दिलं?’ असे मूल विचारणारच. उत्तर शिक्षकांवर ढकलू नका.

अगदी लहानांना कविता हव्यात. एकनाथ आव्हाड यांचा ‘छंद देई आनंद’ हा संग्रह २०२३ च्या बालसाहित्य पुरस्काराचा मानकरी आहे. आणि ज्यांना दर महिन्याला पुस्तक परवडत नाही, त्यांनी बालभारतीचे ‘किशोर’ मासिक लावावे. १९७१ पासून ते निघते आहे, किंमत अगदी कमी असते, आणि जुने अंक मोबाईलवर फुकट वाचता येतात. नाहीतरी पोरे मोबाईल सोडत नाहीतच.

‘भीमायन’ आकाराने मोठे आहे, रंगीत आहे आणि स्वस्त नाही. त्याला खाकी कव्हर घाला, शेजारच्या मुलांनाही द्या, पण देताना वहीत नाव आणि तारीख लिहून ठेवा.