फारांक यांच्यावरचे आळ

एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच संगीतकार लुईझ फारांक यांचं नाव मैफलीच्या कार्यक्रमपत्रिकेत आलं की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. पहिली नाक मुरडणारी: ही म्हणजे मेंडेल्सोनची फिकट नक्कल, बाई होत्या म्हणून आता उकरून काढल्या. दुसरी कौतुकाची, पण नुकसान तीही तेवढंच करते. ती 1850 सालची पगाराची हकिगत सांगते आणि तिथेच थांबते. संगीत ऐकण्याची तसदी दोघंही घेत नाहीत.

पगाराची हकिगत खरी आहे. 1842 पासून फारांक पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटवारमध्ये पियानोच्या प्राध्यापक होत्या आणि त्याच कामाचा मोबदला पुरुष सहकाऱ्यांना जास्त मिळत होता. 1850 मध्ये त्यांचं नोनेट, म्हणजे नऊ वाद्यांसाठीची रचना, सादर झालं. व्हायोलिनवर 18 वर्षांचा योझेफ योआखिम होता. त्या यशानंतर बाईंनी बरोबरीचा पगार मागितला आणि तो मिळवला. त्यांच्या धैर्याबद्दल दुमत नाही. पण ज्या रचनेने त्यांचं पारडं जड केलं, तिच्यात काय आहे हे सांगितल्याशिवाय हा गौरव अर्धवटच राहतो.

त्यात आहे ती वाद्यांची जाण. व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बास ही चार तंतुवाद्यं आणि बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बासून, हॉर्न ही पाच सुषिरवाद्यं. असा नऊ जणांचा मेळ लिहिताना सोपी वाट एकच असते: व्हायोलिनने गायचं आणि बाकीच्यांनी साथ धरायची. फारांक ती वाट धरत नाहीत. नोनेटची तिसरी चाल, म्हणजे तिसरा भाग, ऐका. तंतुवाद्यं गज बाजूला ठेवून बोटांनी तार छेडत दबक्या आवाजात सुरुवात करतात, आणि सुषिरवाद्यं आत येतात तेव्हा त्याच लयीचा रंग पालटतो. दुसऱ्या चालीत एका साध्या धुनेचे भेद एकामागून एक उलगडत जातात. एरवी बुडात बसलेल्या बासूनकडे किंवा हॉर्नकडे सूत्रं आली की ती उपकारादाखल दिलेली वाटत नाहीत, कारण ती ओळ त्याच वाद्याच्या गळ्याला शोभणारी असते. हे नकलेने साधत नाही. प्रत्येक वाद्य कुठे मोकळं होतं आणि कुठे घुसमटतं, ते ठाऊक असावं लागतं. पती आरिस्तीद स्वतः बासरीवादक आणि प्रकाशक. गुरू आन्तोन रायखा, ज्यांनी सुषिरवाद्यांच्या पंचकांना प्रतिष्ठा मिळवून दिली. हे ज्ञान कुठून आलं, ते यावरून कळतं.

आता मेंडेल्सोनची गोष्ट. साम्य आहे, ते कोण नाकारतं? दोघांचीही मुळं हायडन, मोझार्ट, बेथोव्हेनमध्ये आहेत. एकाच विहिरीवर पाणी भरणाऱ्या दोघांपैकी एकालाच चोर ठरवायचं, हा कुठला न्याय? फारांक यांची पियानो पंचकं 1839 आणि 1840 सालची. शुमानचं प्रसिद्ध पियानो पंचक 1842 सालचं. म्हणजे बाई काळाच्या मागे रखडत नव्हत्या. खुद्द शुमानने 1836 मध्येच त्यांच्या पियानोरचनेची आपल्या नियतकालिकात प्रशंसा केली होती.

‘हे फ्रेंच वाटतच नाही’ हा आक्षेप तर याहून पोकळ. फ्रेंच म्हणजे देबुसी, ही मोजपट्टी अर्ध्या शतकानंतरची. फारांक यांच्या तरुणपणी पॅरिसला वेड होतं ऑपेराचं. नाव हवं असेल तर ऑपेरा लिहायचा, नाहीतर सलोनसाठी चमकदार तुकडे. बाईंनी ऑपेरा लिहिलाच नाही. त्यांनी ट्रायो, सोनाटा, पंचकं लिहिली. उपेक्षेचं एक कारण या निवडीत आहे. स्त्री असणं हे दुसरं, आणि दोन्ही एकमेकांना पूरक ठरली. 1859 मध्ये पियानोवादक मुलगी व्हिक्टोरीन वारली. त्यानंतर बाईंचं रचना करणं जवळपास थांबलंच. पुढे जुन्या कळफलक-संगीताचा ‘त्रेझोर दे पियानिस्त’ हा प्रचंड संग्रह त्यांनी नेटाने चालू ठेवला. चेंबर संगीतासाठीचं शार्तिए पारितोषिक 1861 आणि 1869 असं दोनदा त्यांना मिळालं. म्हणजे जाणत्यांना किंमत कळत होती.

सगळंच सारख्या उंचीचं आहे, असा माझा दावा नाही. 1852 च्या सेक्स्टेटमध्ये पियानो वरचढ होतो. पाच सुषिरवाद्यं समोर असूनही पुष्कळदा कॉन्चेर्टोच ऐकतोय असं वाटतं. पहिल्या पंचकातही पियानोच्या ओळी दाट आहेत. पण तिथे डबल बासने बुड सांभाळल्यामुळे चेलोला गायची मोकळीक मिळते, आणि ती जागा बाई वाया घालवत नाहीत. त्यापुढचे क्लॅरिनेट, चेलो, पियानोचे (ओपस 44) आणि बासरी, चेलो, पियानोचे (ओपस 45) ट्रायो ऐकावेत. पियानोवर हुकमत असलेली ही बाई तिथे पियानोला बोलू देते आणि ऐकूही देते.

‘स्त्री-संगीतकार विशेष’ अशा वेगळ्या संध्याकाळी त्यांना बसवणं आता बंद व्हावं. श्पोरचं 1813 चं नोनेट याच नऊ वाद्यांचं आहे. तीच माणसं, तीच वाद्यं घेऊन दोन्ही रचना एका बैठकीत वाजवता येतात. तसं वाजवा, आणि मग नकलेबद्दल बोलू.