झेंड्याचे छायाचित्र म्हणजे इतिहास नव्हे

१/ १६३६ मध्ये शहाजीराजे माहुलीच्या गडावर वेढले गेले. उंबरमाळी, खर्डी, आसनगावच्या टापूत हा प्रसंग कोणी सांगू लागला, की जाणकार तरुण लगेच विचारतो, ‘समकालीन साधन कोणते?’ बादशाहनाम्यासारख्या प्रतिपक्षाच्या ग्रंथातही त्या वेढ्याची नोंद आहे, म्हणून उत्तर देता येते. हाच तरुण अंटार्क्टिकाचा विषय निघाला की हा प्रश्न का विसरतो?

२/ समाजमाध्यमांवर एक वाक्य पुन्हा पुन्हा फिरते : ९ जानेवारी १९८२ रोजी भारतीयांनी अंटार्क्टिकावर पहिले पाऊल ठेवले. तारीख खरी आहे. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाले होते. परंतु ती भारताची स्वतःची पहिली मोहीम होती. ते पहिले भारतीय पाऊल नव्हते.

३/ १९६० मध्येच नौदलाचे लेफ्टनंट रामचरण ऑस्ट्रेलियन मोहिमेबरोबर तेथे गेले होते. त्याच सुमारास गिरिराजसिंह सिरोही अमेरिकन मोहिमेतून थेट दक्षिण ध्रुवावर पोहोचले.

४/ सिरोहींच्या कामाचा पुरावा १९६२ च्या ‘नेचर’मध्ये छापलेला आहे. पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम नाहीसा करण्यासाठी ध्रुवावर फिरत्या तबकड्यांवर हॅम्स्टर, फळमाश्या, घेवड्याची रोपे ठेवली गेली. तरीही त्यांची दैनंदिन लय टिकून राहिली. या निबंधाच्या लेखकांत सिरोहींचे नाव आहे. ‘पहिले पाऊल’ म्हणणारा हे नाव पुसतो.

५/ ‘एवढा काटेकोरपणा कशाला? अभिमान महत्त्वाचा,’ असा आक्षेप येतो. त्याला उत्तर रॉबर्ट पिअरीचे. ६ एप्रिल १९०९ रोजी उत्तर ध्रुव गाठल्याचा त्याचा दावा. बार्टलेट परत फिरल्यावर पिअरीचे स्थाननिरीक्षण स्वतंत्रपणे तपासू शकेल असे कोणी सोबत उरले नव्हते. पुढे वॉली हर्बर्ट यांनी रोजनिशी तपासली, तेव्हा ऐन ध्रुवाच्या दिवसांची पाने कोरी निघाली आणि विजयाची नोंद एका सुट्या कागदावर. सन्मान मिळाला, संशय कायमचा चिकटला.

६/ उलट, १९११ मध्ये दक्षिण ध्रुव गाठणाऱ्या अमुंडसेनविषयी वाद नाही. महिनाभराने पोहोचलेल्या स्कॉटला त्याचा तंबू दिसला आणि पराभूत प्रतिस्पर्ध्याच्या रोजनिशीनेच विजेत्याची साक्ष दिली. माहुलीचा न्याय तो हाच.

७/ १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. ‘पहिल्या महिला’ एवढ्यावर त्यांची ओळख संपवणे हा सन्मान नव्हे, आळस आहे. एकीने सागरी जीवसृष्टी तपासली, दुसरीने शिर्माखर टेकड्यांच्या खडकांची रचना. त्या काय शिकल्या, हे विचारलेच जात नाही.

८/ त्याच मोहिमेने उभारलेले ‘दक्षिण गंगोत्री’ केंद्र काही वर्षांतच बर्फाखाली गेले आणि १९९० च्या सुमारास सोडून द्यावे लागले. भिंती गाडल्या गेल्या. मोजमापे मात्र शास्त्रीय अहवालांत शिल्लक आहेत.

९/ म्हणून पुढच्या ९ जानेवारीला झेंड्याचे छायाचित्र पुढे पाठवण्यापूर्वी माहुलीचा प्रश्न विचारावा : साधन कोणते?