बाखच्या वह्या सांभाळणारी राजकन्या

परदेशातल्या आपल्या मंडळांत कलेला आश्रय म्हटलं की एकच चित्र असतं. भारतातून नावाजलेला गायक आणायचा, हॉल बुक करायचा, प्रायोजकांचे बॅनर लावायचे. त्यात गैर काही नाही, मीही हौसेनं तिकीट काढतो. पण नोकरीनिमित्त बर्लिनला आल्यापासून वाटायला लागलंय, की आश्रयाचा हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा इथल्या एका राजकन्येनं करून दाखवला.

प्रशियाची आना आमालिया (१७२३-१७८७) ही राजा फ्रेडरिक द ग्रेटची धाकटी बहीण. वडिलांना संगीताचा तिटकारा, त्यामुळे तिचं रीतसर शिक्षण ते १७४० मध्ये गेल्यावरच सुरू झालं. १७५५ मध्ये तिनं राजवाड्यात स्वतःसाठी ऑर्गन बांधून घेतला. गंमत म्हणजे कार्ल फिलिप इमान्युएल बाखनं त्या सुमाराला लिहिलेल्या ऑर्गन सोनाटांत पायानं वाजवायचा भागच नाही. राजकन्येला पेडल जमत नव्हते, अशी नोंद जुन्या प्रतीवर आहे! पुढच्याच वर्षी ती क्वेडलिनबुर्गच्या मठाची प्रमुख झाली आणि हातात स्वतःचा पैसा आला. राहायची मात्र बर्लिनलाच.

या कार्लचे वडील योहान सेबास्टियन बाख १७५० मध्ये वारले होते आणि त्यांचं चर्चसंगीत जुनाट समजलं जात होतं. भावाच्या दरबारात बासरी आणि इटालियन ऑपेराची चलती. हिनं १७५८ मध्ये थोरल्या बाखचा शिष्य किर्नबर्गर याला नोकरीत घेतलं आणि जुन्या रचना जमवायला सुरुवात केली. बी मायनर मास, मॅथ्यू पॅशन यांच्या प्रती, पॅलेस्ट्रीना, हँडल... सुमारे ६०० खंड झाले. आमच्या धंद्यात याला बॅकअप म्हणतात, आणि बॅकअपला कुणी टाळ्या वाजवत नाही. बाई हट्टीही होती. ग्लुकसारखा नवा संगीतकार तिला अजिबात मानवत नसे. पण फॅशन बघून वह्या जमवणारी असती, तर बाख तिच्या कपाटात आलाच नसता.

मृत्यूपत्रात तिनं हा संग्रह बर्लिनच्या एका शाळेला दिला. आज तो इथल्या स्टेट लायब्ररीत आहे. ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोंची बाखच्या हातची प्रत याच संग्रहातली, ती छापली गेली थेट १८५० मध्ये. ऑर्गनही टिकलाय. कार्ल्सहोर्स्टच्या चर्चमध्ये आहे, बर्लिनला आलात तर जरूर ऐका.

आता आपल्याकडे बघा. नारदीय कीर्तन करणाऱ्या किती बुवांच्या साक्या, दिंड्या, पदं जुन्या बाडांत पडून आहेत. शब्द तरी कागदावर असतात, चाली फक्त गळ्यात. बुवा गेले की चाल गेली. हे यूट्यूबवर आपोआप येईल असं म्हणणाऱ्यांनी एकदा शोधून बघावं.

म्हणून आमच्या मंडळाच्या पुढच्या मीटिंगला मी एक ठराव मांडणार आहे. वर्षाला एका कलाकाराच्या विमानभाड्याएवढी रक्कम बाजूला काढायची, आणि गावाकडच्या एका बुवांचं बाड स्कॅन करून त्यांच्या सगळ्या चाली त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करायच्या. स्टेज नाही, बॅनर नाही. किती हात वर होतात, बघू.