दतिया गेटहून आलेलं पत्र

झाशीच्या दतिया गेटजवळ राहणाऱ्या एका आईंचं पत्र आलं आहे. चांगलं चार पानी. नाव छापू नका असं त्यांनी दोनदा लिहिलंय, म्हणून छापत नाही. पत्रातली मराठी तिकडच्या जुन्या मराठी घरांत बोलतात तशी, थोडी हिंदीच्या वळणाची. ‘मुलगी जिद्द करते आहे,’ असं त्या लिहितात. आपल्याकडे जिद्द हा गुण, तर हिंदीच्या संगतीत जिद्द म्हणजे हट्ट. पत्र दुसऱ्यांदा वाचताना मला वाटलं, या मुलीच्या बाबतीत दोन्ही अर्थ थोडेथोडे खरे असावेत.

हकिकत अशी. मुलगी बुंदेलखंड विद्यापीठातून राज्यशास्त्रात एम. ए. झाली. तिला आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय परदेशात जाऊन शिकायचा आहे. एका एजंटाने लंडनच्या विद्यापीठात एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळवून दिला आहे आणि पंधरा दिवसांत आगाऊ रक्कम भरा म्हणून तगादा लावला आहे. वडील रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. बँक तारण मागते, आणि तारण ठेवण्यासारखं एकच आहे, राहतं घर. त्यावर धाकट्या दिरांचंही नाव आहे. गंमत म्हणजे सासूबाई म्हणतात, ‘टाका गहाण, राणीच्या गावची पोर आहे!’ आणि आई विचारतात, ‘मी नको म्हणते, तर मी मुलीच्या आड येते आहे का?’

ताई, तुम्ही आड येत नाही. घर गहाण टाकू नका. पण मुलीला ‘आता पुरे, लग्नाचं बघू’ असंही म्हणू नका. या दोहोंच्या मध्ये एक वर्षाचा रस्ता आहे.

आधी पैशांचं बोलू. सरकारी बँका साधारणपणे साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला घर-जमीन तारण मागत नाहीत. तुमच्याकडे कागदपत्रं मागितली, यावरूनच रक्कम केवढी असेल ते कळतं. शुल्काखेरीज लंडनमध्ये राहण्यासाठी दरमहा सुमारे दीड हजार पौंड या हिशेबाने ९ महिन्यांची रक्कम व्हिसाच्या वेळी खात्यात दाखवावी लागते. ‘तिथे नोकरी करून फेडेल’ असं एजंटाने सांगितलं असेल. शिक्षण संपल्यावर तिथे राहून काम शोधायला २ वर्षं मिळत, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या एम. ए.वाल्यांना १८ महिनेच मिळणार आहेत. इंजिनिअरचं एक वेळ जमेल, पण आंतरराष्ट्रीय संबंध शिकलेल्या परक्या देशातल्या मुलीला तेवढ्यात कर्ज फिटेल अशी नोकरी मिळणं अवघड आहे. आणि एजंटाला बहुधा विद्यापीठाकडून दलाली मिळते. तो मुलीची आवड पाहतो की दलाली, हे तुम्हीच ओळखा. माझ्या एका भाच्याला अशाच एका गृहस्थांनी ‘तोच विषय आहे’ म्हणून भलत्याच अभ्यासक्रमाला बसवलं होतं. ते त्याला तिथे पोहोचल्यावर कळलं.

आजींना राणीच्या काळातलीच दुसरी एक गोष्ट सांगा. वरसईचे विष्णुभट गोडसे घरावरचं कर्ज फिटावं म्हणून उत्तरेत निघाले आणि १८५८ साली झाशीच्या वेढ्यात सापडले. ‘माझा प्रवास’ लिहिणारे तेच. बिचारे कर्ज फेडायला निघाले होते, कर्ज काढून नव्हे! आणि एकटे नव्हते, बरोबर काका होते.

तुमच्या मुलीबरोबर असा काका कोण आहे? तुमचं पत्र वाचताना मला हाच प्रश्न सारखा पडत होता. चार पानांत एजंट आहे, बँकेचे साहेब आहेत, दीर आहेत, पण तिचे एकही प्राध्यापक नाहीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं परदेशातलं शिक्षण आठवा. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्यांना आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे याच केळुसकर गुरुजींनी त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे नेलं. १९१३ साली महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंडांवर, बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे प्रा. सेलिग्मन भेटले. त्यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना या विद्यार्थ्याविषयी पत्र लिहिलं. परळच्या चाळीपासून लंडनपर्यंत प्रत्येक टप्प्यावर कोणी तरी पुढच्या माणसाला सांगत गेलं, की या मुलाला मी ओळखतो. बुद्धी त्यांची स्वतःची, कष्टही स्वतःचे, पण दार उघडायला ओळखणारा माणूस लागला. तरीही १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, एका मित्राने कर्ज दिलं, तेव्हा १९२० साली ते पुन्हा गेले. पैसे मध्येच संपले की काय होतं, हे त्यांनाही चुकलं नाही.

हल्ली अशा माणसाला ‘मेंटॉर’ म्हणतात. मला गुरुजीच म्हणावंसं वाटतं, पण ते असो. अशी माणसं आजही मिळतात, फक्त मुलीने स्वतः उठून विचारलं पाहिजे. तिच्या विभागातल्या ज्या प्राध्यापकांना तिचं लेखन माहीत आहे, त्यांच्याकडे तिने आपला एखादा निबंध घेऊन जावं आणि ‘यात काय कमी आहे?’ एवढंच विचारावं. दिल्ली तुमच्यापासून गाडीने चार-पाच तासांवर. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात या विषयाची स्वतंत्र शाळाच आहे. तिचं मूळ १९५५ सालचं. सप्रू हाउसमध्ये जागतिक घडामोडींवर व्याख्यानं होतात. तिथल्या एखाद्या अभ्यासकाचा लेख वाचून, त्यातल्या एकाच मुद्द्यावर नेमका प्रश्न विचारणारं दहा ओळींचं पत्र तिने पाठवावं. ‘कृपया मार्गदर्शन करा’ अशा पत्रांना कोणी उत्तर देत नाही, कारण काय उत्तर द्यायचं तेच कळत नाही. पाच पत्रांपैकी एकाचं उत्तर आलं तरी पुष्कळ झालं. परराष्ट्र मंत्रालयही पदवीधरांना काही महिने काम शिकायला घेतं, त्याच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

आता शिष्यवृत्त्या. इथे तुमची एक समजूत दुरुस्त करायला हवी. ‘आम्ही मराठी, तर महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती मिळेल ना?’ असं तुम्ही विचारलंय. नाही मिळणार. तिथे महाराष्ट्राचा अधिवास लागतो आणि तुमची सगळी कागदपत्रं उत्तर प्रदेशाची आहेत. वाईट वाटून घेऊ नका, कारण त्याच कागदपत्रांवर दुसरं दार उघडतं. २०२५ साली उत्तर प्रदेश सरकारने ब्रिटनच्या चेवनिंग शिष्यवृत्तीबरोबर अटलबिहारी वाजपेयींच्या नावाने योजना आखली. तिच्यात तीन वर्षं, दर वर्षी राज्यातल्या पाच विद्यार्थ्यांना ब्रिटनमध्ये एक वर्षाच्या शिक्षणासाठी पाठवायचं ठरलं आहे. चेवनिंगला दोन वर्षांचा, म्हणजे २८०० तासांचा, कामाचा अनुभव लागतो. त्यात अर्धवेळ आणि बिनपगारी कामही धरतात, तेव्हा मुलीने आजपासून वही घालून तास लिहावेत. शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट आहे. ही अट वाचून तुम्हाला बरं वाटेल आणि मुलीला कदाचित वाटणार नाही!

युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस योजनेत कामाच्या अनुभवाची अशी सरसकट अट नाही. शिष्यवृत्ती मिळाली तर शुल्क माफ, दरमहा १४०० युरो, आणि शिक्षण किमान दोन देशांत. आंतरराष्ट्रीय सुरक्षा या विषयाचा असाच एक अभ्यासक्रम ग्लासगो, डब्लिन, ट्रेन्टो आणि प्राग इथली विद्यापीठं मिळून चालवतात. बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत घेतले जातात. स्पर्धा फार मोठी आहे, हे आधीच सांगून ठेवते. अनुसूचित जातींच्या, भटक्या-विमुक्तांच्या किंवा भूमिहीन शेतमजुरांच्या घरातल्या मुलांसाठी केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे. तुमच्या घरी लागू नसेल तर शेजारी सांगा.

यांपैकी बहुतेक ठिकाणी दोन जणांची शिफारस लागते. म्हणून पुन्हा प्राध्यापकांकडेच यावं लागतं. अनेक ठिकाणी मुलंच शिफारसपत्र लिहितात आणि सर सही करतात. निवड करणाऱ्यांना ते लगेच कळतं, कारण सगळी पत्रं सारखीच गोड असतात. सरांना दोन महिने आधी सांगावं, सोबत आपला निबंध द्यावा, आणि पत्र त्यांनाच लिहू द्यावं.

मिळालेल्या प्रवेशाचं काय? एजंटाला मध्ये न घेता मुलीने विद्यापीठालाच लिहावं, की हा प्रवेश पुढच्या वर्षापर्यंत राखता येईल का? काही विद्यापीठं हे मान्य करतात. नाही म्हणाली तरी पुन्हा अर्ज करता येतो. घर मात्र एकदा गेलं की गेलं. आणि दिरांच्या सहीशिवाय ते गहाण टाकायचा विचार असेल, तर तो आजच सोडा.

पुढच्या वर्षीही काहीच मिळालं नाही तर? तसं होऊ शकतं. तेव्हाही ती दिल्लीत किंवा पुण्यात हाच विषय पुढे शिकू शकेल, आणि पीएच. डी.च्या वेळी परदेशाचा विचार पुन्हा करता येईल. तेव्हा शुल्क माफ होऊन वर विद्यावेतन मिळण्याची शक्यता एम. ए.पेक्षा जास्त असते.

पत्रासोबत मुलीच्या अर्जातला निबंध पाठवलात, तो वाचला. ‘लहानपणापासून मला देशसेवेची आवड आहे’ अशी सुरुवात आहे. ती काढून टाकायला सांगा. तिसऱ्या पानावर वडिलांच्या कारखान्याविषयी आणि बुंदेलखंडातून कामासाठी परगावी जाणाऱ्या माणसांविषयी तिने जे लिहिलंय, तिथून सुरुवात करू दे. ते तिला खरोखर माहीत आहे. नवा निबंध झाला की मलाही पाठवा.